वरच्यांची वचनं

छापखान्यात तिला सगळे खोडरबर म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून जिचं पोट भरतं, तिला आणखी काय म्हणणार? आणि घरी आली म्हणून जीभ काही सुट्टीवर जात नसे. कुणी म्हणालं, "काल समारंभाला अख्खं जग लोटलं होतं," की हिचा प्रश्न तयार, "अख्खं म्हणजे किती?" अशा बाईच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं आकाशातून उतरलेल्या पुस्तकावर विश्वास ठेवावा, याला काय म्हणावं!

ताई शिवणकाम करायची. कोट, झगे, शाळेचे गणवेश. चाळीस वर्षं एका खिडकीशी, एका मशीनवर. तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. डॉक्टरांनी ऑपरेशनला गुरुवारची वेळ दिली होती. वीस मिनिटांचं काम आहे, म्हणाले, पण आता लांबणीवर टाकू नका, आणखी कडक झाला तर डोळा हातचा जाईल. मागच्या महिन्यात ताईनं एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या होत्या. गिऱ्हाईक बिचारं भलं, हसलं. ताई काही हसली नाही.

तर रविवारी दुपारी खोडरबर ताईकडे चहाला गेली, आणि ताई म्हणते कशी, "गुरुवारचं मी रद्द केलं. फोन करून सांगितलं त्यांना."

"का?"

"वरच्यांचं वचन आहे."

वरचे म्हणजे वरच्या मजल्यावरचे नव्हेत. वरचे म्हणजे कुठल्याशा निळ्या ताऱ्यावर राहणारे, देह नसलेले, पण अक्कल भरपूर असलेले कोणी. चार वर्षांपासून ते एका गृहस्थाच्या कानात बोलत होते आणि गृहस्थ ते उतरवून घेत होते. पूर्वी हे गृहस्थ घरोघरी फिरून पडदे विकत. आता भक्त त्यांना 'माध्यम' म्हणत आणि खोडरबर 'पडदेवाले' म्हणे. सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर मंगळवारी सभा भरायची, ताई न चुकता जायची. आजवर खोडरबरनं थट्टेवर भागवलं होतं. एकटी बाई आहे, चार माणसांत बसते, बसू दे की! पण आता गोष्ट डोळ्यांवर आली होती.

"देह नाही म्हणतेस ना त्यांना? मग डोळ्यांतलं त्यांना काय कळतं?"

"झालं तुझं सुरू! आधी वाच तरी. एक्केचाळिसावं वचन. मला आता अक्षरं लागत नाहीत, पण पाठ आहे माझं."

पुस्तक निळं, गुळगुळीत, कडेला सोनेरी रेघ. खोडरबरनं कपाळाला आठ्या घालूनच पान उघडलं.

'दिसेनासं होतं, तेव्हाच खरं दिसायला लागतं.'

तिनं चहाचा कप खाली ठेवला. तिनं पान उलटलं. 'थांबतो तोच पोचतो.' आणखी एक पान. 'हरवलं तेच खरं तुझं.' ती भराभर पानं उलटत गेली आणि तिचे कान तापत गेले.

"काय झालं गं?" ताईनं विचारलं.

"काही नाही. वाक्यं ओळखीची वाटतात."

"वाटणारच," ताई समाधानानं म्हणाली. "सत्य आहे ते."

सत्य! खोडरबरला ते सत्य कुठून आलं हे चांगलं ठाऊक होतं. चौदा वर्षांपूर्वी छापखान्यात एका रोजनिशीचं काम आलं होतं. रोज एक पान आणि पानाच्या तळाशी दोन बोटं जागा, सुविचारासाठी. सुविचार गिऱ्हाईक देणार होतं, ते काही आले नाहीत. मालक म्हणाले, "तूच लिही काहीतरी. वजनदार वाटलं की झालं." मग दुपारच्या चहाच्या सुट्टीत बसून तिनं तीनशे पासष्ट वाक्यं पाडली. पाडली हाच शब्द बरोबर. तिची एक युक्ती होती. एकमेकांच्या उलट दोन गोष्टी घ्यायच्या, शेजारी बसवायच्या आणि मध्ये 'तोच' किंवा 'तेव्हाच' टाकायचा. उपाशी तोच तृप्त. मुका तोच बोलका. काहीही घाला, वजनदारच निघतं. पाडता पाडता तिला स्वतःलाच हसू यायचं.

सोमवारी ताईचं निळं पुस्तक घेऊन ती छापखान्यात गेली ती थेट मागच्या कपाटाशी. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत त्या कपाटात जायची, मग ते हजार पानांचं पुस्तक असो की औषधाच्या डबीतली चिठ्ठी. छपाईयंत्रावरच्या मशीनमननं शिडी धरली आणि तिनं धुळीतून ती रोजनिशी ओढून काढली. पहिल्याच पानावर छापलेलं होतं, 'पडदे व्यापारी संघातर्फे सप्रेम भेट'.

"घ्या!" ती शिडीवरूनच ओरडली. "ताऱ्याचा पत्ता सापडला!"

दोघांनी जेवणाच्या सुट्टीत दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून ताडून पाहिली. एकशे बारा वचनांपैकी त्र्याण्णव तिची निघाली. त्यातलं एक तर तिचंही नव्हतं. डिसेंबरात तिची अक्कल संपली होती, टेबलावर पाण्याच्या पंपाच्या माहितीपत्रकाची तपासायला आलेली मुद्रितं पडली होती, त्यातलंच एक वाक्य तिनं बिनदिक्कत सतरा तारखेला चिकटवलं होतं. 'वर चढवण्याआधी आतली हवा पूर्ण काढून टाकावी.' निळ्या पुस्तकात ते सातवं वचन होतं. त्या वचनानुसार सगळे भक्त रोज सकाळी उभं राहून तीस वेळा जोरजोरात श्वास बाहेर टाकत. ताईसुद्धा टाकायची. मशीनमन हसता हसता खुर्चीवरून खाली यायचा राहिला.

खोडरबर मात्र तेवढी हसली नाही. एक्केचाळीस क्रमांकाचं वाक्य नोव्हेंबरात होतं. तिचंच, शब्द न् शब्द. तिच्या वाक्यानं तिच्या बहिणीचा डोळा जायची वेळ आली होती.

मंगळवारी संध्याकाळी ती रोजनिशी काखोटीला मारून ताईबरोबर सभेला गेली. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असं सुनावायचं तिनं वाटभर पाठ केलं होतं. हॉलमध्ये चाळीसेक खुर्च्या, खालून सायकलच्या ट्यूबचा वास, समोर स्टूलवर माध्यम बसलेले. माणूस गोड होता, हे तिलाही कबूल करावं लागलं. प्रत्येकाच्या तब्येतीची नावानिशी चौकशी करत होता. वचन वाचायला त्यांनी पुस्तक उघडलं, तोच ही उठली.

"थांबा. तुमचं एक्केचाळिसावं माझं आहे. आणि चौथं. आणि नववं. आणि मधली बरीच." तिनं रोजनिशी त्यांच्या पुढ्यात आपटली. "चौदा वर्षांपूर्वी आम्ही छापली. तळाची वाक्यं मी लिहिली, चहा पिता पिता. आणि तुमचं सातवं वचन पाण्याच्या पंपाचं आहे!"

पडदेवाल्यांनी रोजनिशी हातात घेतली. एक पान, दुसरं पान. त्यांचा चेहरा खरोखरच उतरला. "ही माझ्याकडे होती," ते हळूच म्हणाले. "बायको गेली त्या वर्षी. रोज सकाळी एक ओळ वाचायचो. मग घर बदललं, कुठं गेली कळलंच नाही." क्षणभर खोडरबरला त्यांची दयाच आली. हा माणूस खोटा नव्हता. वाचलेलं विसरला होता आणि चार वर्षांपूर्वी ते आतून वर आलं, तेव्हा त्याला ताऱ्यावरून आल्यासारखं वाटलं होतं.

एवढ्यावर सगळं मिटायला हवं होतं. पण पहिल्या रांगेतल्या औषधाच्या दुकानवाल्या बाई एकदम उभ्या राहिल्या. "म्हणजे वरच्यांनी आधी यांना सांगितलं होतं!"

"मला कुणी काही सांगितलं नाही!"

"तुम्हाला कळलं नसेल," बाई कौतुकानं म्हणाल्या. "तेच तर! कळत नाही, तेव्हाच येतं."

कमाल झाली! वाक्य पाडायची युक्ती आता लोकांनाही आली होती. पडदेवाल्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग चढला. कुणी तिला पुढची खुर्ची दिली, कुणी पाणी आणलं, एकानं मुलाच्या बदलीचं विचारून घेतलं. पंपाचं काय, असं ती ओरडत राहिली, तर एक निवृत्त मास्तर म्हणाले, "पंप कुणी सुचवला असेल माणसाला, बोला!" पालथ्या घड्यावर पाणी ओतायला आलेली बाई स्वतःच घड्यात जाऊन पडली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ताई. आपल्या धाकट्या बहिणीकडे ती धूसर डोळ्यांनी अशी बघत होती, की अभिमान नुसता ओसंडून वाहत होता.

घरी येऊन ताईनं चहा टाकला. साखर चमच्यानं नाही, बोटांनी चाचपून घातली. मग समोर बसून म्हणाली, "तुझं नाव घेतात ना सगळे आता. मग तूच विचार वरच्यांना. ऑपरेशन करू का नको? तू सांगशील ते करीन."

घ्या! बसल्या जागी सगळा प्रश्न सुटत होता. नुसते डोळे मिटायचे, दहा मोजायचे आणि म्हणायचं, वरचे म्हणतात कर. एक खोटं वाक्य. तीनशे पासष्ट पाडलीच होती, त्यात आणखी एक. खोडरबरनं डोळे मिटलेसुद्धा. सहापर्यंत मोजलं. आणि तिच्या मनात आलं, उद्या हेच वरचे दुसऱ्या कुणाच्या तोंडून म्हणाले, औषध सोड, तर?

तिनं डोळे उघडले. "मला काही ऐकू येत नाही, ताई. तेव्हाही आलं नव्हतं. ते वाक्य खोटं आहे. दिसेनासं झालं की दिसेनासं होतं, एवढंच. दोन बोटं जागा रिकामी होती, म्हणून लिहिलं मी. कुणी मनावर घेईल असं वाटलंच नव्हतं गं." आणि एरवी जी बाई मजकुरातला स्वल्पविरामसुद्धा सोडत नसे, तिचा आवाज फाटला. "तुझा डोळा गेला तर तो माझ्यामुळे जाईल. मला फार भीती वाटतेय."

चहा उतू गेला, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही. शेवटी ताईनंच चाचपडत गॅस बंद केला.

"मला काय खुळी समजतेस?" ती पाठमोरीच म्हणाली. "निळ्या ताऱ्यावर कुणी आहे की नाही, मला काय ठाऊक. बायांशी चार गप्पा होतात, म्हणून जाते मी. डोळा उघडा ठेवून आत पातं घालतात, म्हणे. आपण जागं असतो. ते ऐकल्यापासून माझे हातपाय गळालेत. पुस्तकात निघालं, की ऑपरेशन नाही केलं तरी चालतं, मला बरं वाटलं. एवढंच."

"मग मला सांगायचं नाही का? भीती वाटते म्हणून?"

"तुला?" ताई वळली. "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, पातं किती मिलिमीटरचं असतं, भूल किती वेळ टिकते, शंभरात किती बरे होतात. सगळं बरोबर सांगितलं असतंस. माझ्या भीतीतली चूक काढून माझ्याच हातात दिली असतीस. तुझ्यासमोर नुसतं घाबरायची सोय नाही, बाई."

खोडरबरचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. कारण शंभरात अठ्ठ्याण्णव, हे तिच्या अगदी जिभेवर होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग आता घाबर. मी बसते."

आणि ताई मनसोक्त घाबरली. पात्याबद्दल, अंधाराबद्दल, मशीन विकावं लागेल याबद्दल, म्हातारपणी कुणाच्या हाताला धरून चालावं लागेल याबद्दल बोलली, रडली, स्वतःच्याच दोन डाव्या बाह्यांवर शेवटी हसलीही. खोडरबर मध्ये एक शब्दही बोलली नाही. तिला किती जड गेलं असेल ते तिचं तिलाच माहीत!

बुधवारी सकाळी ताईनंच दवाखान्यात फोन केला. गुरुवारची वेळ अजून कुणाला दिली नव्हती.

दवाखान्यात ताईला हिरवा झगा दिला. "शिलाई वाकडी आहे," ती शिवणीवरून बोट फिरवून म्हणाली. डोळ्यात थेंब घालून झाले. नर्स तिला न्यायला आली, तेव्हा ताईनं बहिणीचं मनगट घट्ट धरलं.

"काय होईल गं?"

खोडरबरच्या मनात आकडे आले, डॉक्टरांचं म्हणणं आलं, एक-दोन वजनदार वाक्यंही आली. तिनं ती सगळी आत ठेवली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी इथे बाहेरच आहे."

ताईनं जरा वेळ तिच्या चेहऱ्याच्या दिशेनं पाहिलं.

"हे मात्र खरं बोललीस," ती म्हणाली आणि मनगट सोडून नर्सबरोबर आत गेली.