सोडायच्या आधीचा फोन

सकाळी टाकीपाशी गेले आणि वासावरूनच कळलं, आज काहीतरी घोळ आहे. आमच्या सांडपाणी केंद्रात मोठ्या टाकीत हवा सोडतात, त्यावर जगणारे जिवाणू शहराची घाण खातात. ते धडधाकट असले की टाकी तपकिरी दिसते, वास ओल्या मातीसारखा येतो. आज ती राखाडी पडलेली, वर पांढरा फेस, आणि वास असा की डोळे चुरचुरावेत. कुठल्यातरी कारखान्यानं सुट्टीचा मुहूर्त साधून गटारात काहीतरी ओतलं होतं. कुठल्या, ते विचारू नका. विचारायला गेलं की सगळेच साळसूद.

साहेबांना फोन लावला. म्हटलं, जिवाणू मेलेत, आलेलं पाणी जसंच्या तसं नदीत जाईल.

"मग जाऊ दे," साहेब म्हणाले. "की अख्ख्या शहराला सांगू, आज आंघोळी करू नका म्हणून?"

डोकंच फिरलं माझं. पण बोलणार काय, कपाळ? पाणी अडवून ठेवलं तर ते उलटं फिरून लोकांच्या मोऱ्यांतून वर येतं. माझ्या घरच्या धुण्याचं पाणीही त्यातच होतं.

माझा धाकटा भाऊ नदीच्या खालच्या अंगाला राहतो. नोकरी सोडून त्यानं नदीत जाळीचे पिंजरे टाकलेत, त्यात मासे वाढवतो. असं काही झालं की पाणी नदीत सोडायचा दरवाजा उघडायच्या आधी मी त्याला कळवते. बहीण म्हणून तेवढं तरी.

"पिंजरे हलव," मी म्हटलं. "आजचं पाणी फार वाईट आहे."

"कुठे हलवू, ताई? वर तुझं गटार, खाली पुढच्या गावाचं."

"मग काढून विकून टाक."

"बोटाएवढे आहेत गं. कोण घेईल?"

मग फोन ठेवला आणि दरवाज्याचं चाक फिरवलं.

पाळी संपल्यावर राहवेना, म्हणून त्याच्याकडे गेले. तो काठावरच्या फळीवर बसला होता, खाद्याचा डबा मांडीत घेऊन. मासे सगळे वर आलेले, तोंडं उघडी.

"भुकेले दिसतात," काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले.

"श्वास घेतायत."

त्यानं तरीही मूठभर खाद्य टाकलं. एकानंही तोंड लावलं नाही. मला रडू आलं, आणि रागही आला. कुणावर काढावा ते कळेना.

"ताई, वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "पण पुढच्या वेळी फोन करू नकोस."

"अरे, निदान तुला कळायला नको?"

"कळून करू काय मी? सकाळपासून नुसता बघत बसलोय. तुझा फोन आला नसता तर दुपारपर्यंत तरी सुखात असतो."

मी बरं म्हटलं. त्या सगळ्या कारभारात तेवढा एक फोन करणंच माझ्या हातात होतं.