शेवटच्या नळाचं पाणी

"लखीराम, आज हात आखडू नको! डबल पावडर टाक," सरपंच जगदेव टाकीखालून ओरडले. "सिस्टर पाण्याचा नमुना न्याले येऊन राह्यल्या."

ब्लिचिंग पावडरची बादली घेऊन लखीराम शिडीवर मध्येच थांबला. अठरा वर्षं गावचं पाणी तोच सोडायचा. तपासणीच्या दिवशी दुप्पट पावडर टाकायची रीतही त्यानंच पाडलेली. एरवी पावडर असली तर असली, नाहीतर रामभरोसे! नमुना मात्र दरवेळी पास. चार वर्षं गावाला शुद्ध पाण्याचं हिरवं कार्ड मिळालं होतं. यंदा पाचवं आलं की चंदेरी कार्ड. सरपंचांनी सत्काराचा फ्लेक्ससुद्धा छापून आणला होता. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, दुसरं काय!

पण आज लखीरामनं बादली शिडीलाच अडकवली. धनीबाईची सून पल्लवी, सात महिन्यांची पोटुशी, काविळीनं वाशीमला दवाखान्यात होती. तिचं घर पाइपलाइनच्या शेवटाला. तिथं नाल्यात पाइप फुटलेला आणि त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, लखीरामच्याच हातानं. नवा पाइप मागायला तो तीनदा गेला. सरपंच दरवेळी म्हणाले, "चंदेरी येऊ दे, मंग पाहू."

तो पावडर न टाकताच खाली उतरला. आरोग्य केंद्रातल्या साधना सिस्टर बाटली घेऊन नेहमीसारख्या पंचायतीसमोरच्या नळाकडे निघाल्या होत्या.

"सिस्टर, हितलं नका घेऊ. नाल्याजवळचा नळ दावतो."

"काहून बे?" जगदेव खेकसले. "डोकं फिरलं काय तुह्यं?"

"अठरा वर्स फिरेलच व्हतं. आता ठिकाणावर आलं."

सिस्टरनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांनीही बाटली इथंच भरली होती. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, पाइप फुटेल हाय, हे लिहून देसान?"

"देतो. सही बी करतो."

शेवटच्या नळावर धनीबाई घागर भरत होती. लखीराम नाल्यात उतरला, ट्यूब सोडली. भेगेला हिरवट काळी घाण चिकटली होती. सिस्टरनं नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाण्यात पावडर असेल तर ते पिवळं होतं. ते पांढरंच राहिलं.

"तुले मालूम व्हतं?" धनीबाईनं विचारलं.

"हो, मावशी."

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

 धनीबाईनं भरलेली घागर तिथंच उपडी केली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लखीरामला वाटलं.

पुढच्या पंधरवड्यात गावाला लाल कार्ड आलं. फ्लेक्स कुणीतरी कडब्यावर टाकला. वरून पत्र आलं तसा पाइपही झटक्यात बदलला. टाकीची किल्ली मात्र जगदेवनं लखीरामकडून काढून घेतली. पल्लवी घरी आली. बाळ वाचलं नाही.

आता नळ सुटायच्या वेळी लखीराम स्वतःची काचेची नळी घेऊन शेवटच्या नळावर जातो. थेंब टाकतो, नळी उजेडात धरून बघतो. कुणी सांगितलेलं नाही, पगार नाही.

धनीबाई त्याच्याशी अजून बोलत नाही. पण त्यानं मान डोलावल्याशिवाय ती नळाखाली घागर लावत नाही.