सांगितलं की गुण जातो

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. मूळव्याधीवर कोण गोष्ट लिहितं? पण शिरूरच्या त्या दवाखान्यात जे बघितलं ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

तर ज्ञानेश गाडीवर उभा होता. चालवत होतो मी. तो मागं फूटरेस्टवर पाय रोवून, माझे दोन्ही खांदे धरून. चौफुल्यापासून न्हावऱ्यापर्यंत असाच. आदल्या दिवसापासून पोट साफ करायचं औषध पिऊन पिऊन बूड सोलून निघालेलं, सीटला टेकवेना.

"आरं बस की. लोकं बघत्यात."

"बघू दे. तू खड्डे बघ."

उसाच्या ट्रॉलीवरची पोरं आम्हाला बघून शिट्ट्या मारायला लागली. ज्ञानेशनं त्यांना हात केला, पुढाऱ्यासारखा. मी हसलो. तो हसला नाही. खांद्यावरची त्याची बोटं गार लागत होती.

ज्ञानेश माझा शाळेपासूनचा मित्र, खुटबावचा. झेंडू, शेवंती करतो आणि स्वतःच्याच पिकअपनं फुलं पुण्याला नेतो. मी रांजणगावला कंपनीत. गुरुवारी सुट्टी असते, म्हणून गुरुवार धरला होता. आणि दवाखाना शिरूरचा, कारण दौंडला कुणीतरी ओळखीचं भेटणारच.

आमच्याकडं मूळव्याधीचं औषध रविवारी मिळतं. गावातल्या शेवंताबाई देतात, सूर्य उगवायच्या आत, ताकातून. पैसे घेत नाहीत. अट एकच, कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो. त्यामुळं रविवारी त्यांच्या बोळात कुणी कुणाला रामराम घालत नाही. टॉवेल तोंडावर घेऊन माणसं ओळीनं बसतात. शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही, चुलत्याला पुतण्या ओळखत नाही.

ज्ञानेशचे वडील, पोपटरावआबा, त्या बोळात दोन वर्षं बसले. घरात म्हणायचे, उष्णता झालीय. सब्जा खायचे, गुलकंद खायचे. पुण्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मूळव्याध नव्हतीच, आतड्याच्या टोकाला गाठ होती. आता पसरलीय. सेहेचाळिसावं चालू होतं. ते वर्ष काही पुरं झालं नाही. त्याला आता बारा वर्षं झाली.

आणि यंदा ज्ञानेशला रक्त दिसायला लागलं. तोही त्याच बोळात जाऊन बसला. तिसऱ्या रविवारी ताकाचा गलास हातात घेतला, तसाच खाली ठेवला, आणि बाहेर येऊन मला फोन लावला.

"इन्या, मला आबांचं झालंय."

एवढंच. 

पहिल्या खेपेला शिरूरच्या डॉक्टरांनी बोटानं तपासलं, छोटी नळी घालून बघितलं. म्हणाले, मूळव्याध आहे. ज्ञानेशला हायसं वाटलं. मग वडिलांचं सांगितल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मूळव्याध आहे म्हणजे दुसरं काही नाही असं होत नाही. दोन्ही असू शकतं. कॅमेरा घालून आतडं शेवटपर्यंत बघू."

त्यासाठी हा गुरुवार.

नर्सनं त्याला मागून उघडा असलेला हिरवा झगा दिला. तो घालून आत जाताना त्यानं मोबाईल, पाकीट आणि गळ्यातला करदोड्याएवढा जाड गोफ माझ्या हातात दिला.

"सोन्याचा न्हाई त्यो. घिऊन पळू नको."

थोड्या वेळानं नर्सनं दार उघडलं. "नातेवाईक कोण?"

"मित्र हाय मी."

"या. बघा."

मला वाटलं होतं घाण दिसणार. नाकावर रुमाल धरूनच आत गेलो. ज्ञानेश कुशीवर पडलेला, झोपेच्या औषधानं डोळे अर्धे मिटलेले, पण स्क्रीनकडं बघत होता.

आणि स्क्रीनवर, काय सांगू. गुलाबी. ओलं. पहाटे तोडलेल्या गुलाबाच्या पाकळीला आतून जी चकाकी असते ना, तसं. बोगदा होता, पण जिता. कडी कडीनं पुढं उघडत जाणारा. मधूनच अंग आक्रसायचा, परत सैल व्हायचा. भिंतीवर तांबड्या बारीक रक्तवाहिन्या, पानावरच्या शिरांसारख्या. मी रुमाल कधी खाली घेतला कळलं नाही.

तेहेतीस वर्षं हा माणूस वडापाव, तंबाखू, शिव्या सगळं पोटात घालत होता. आणि आत हे असं.

"ह्यो मीच का?" ज्ञानेश जड जिभेनं म्हणाला.

"तुम्हीच," डॉक्टर म्हणाले.

कॅमेरा शेवटाला पोचला, मग हळूहळू मागं यायला लागला. प्रत्येक वळणावर डॉक्टर थांबायचे. थांबले की मी स्क्रीनच्या आणखी जवळ सरकायचो.  

"गाठ नाही. काहीच नाही. स्वच्छ आहे."

ज्ञानेशच्या डोळ्यातून पाणी आलं आणि नाकावरून आडवं उशीत गेलं. पुसायचं त्याला सुचलं नाही. मलाही नाही.

मग अगदी आतड्याच्या दाराशी येऊन डॉक्टरांनी कॅमेरा वळवला. तिथं तीन उंचवटे होते, जांभळट, फुगलेले.

"ही तुमची मूळव्याध. पण एक गंमत सांगतो. या गाद्या सगळ्यांनाच असतात. याही साहेबांना आहेत." माझ्याकडं बोट. "त्या आहेत म्हणून दार घट्ट मिटतं. झोपेतसुद्धा. आणि आलाय तो नुसता वारा आहे की आणखी काही, हे दार उघडायच्या आत कळतं, तेही तिथल्याच कातडीमुळं. जोर करून करून गाद्या सुजतात, खाली सरकतात, मग त्यांना आपण मूळव्याध म्हणतो."

मी वाकून त्या तीन गाद्या परत बघितल्या. एसटीत, लग्नात, मीटिंगमध्ये आपण चारचौघांत बिनघोर बसतो ते या राखणदारांच्या जिवावर. जन्मापासून जागे आहेत बिचारे. आणि त्यांचं नाव काढायला आपण तोंडावर टॉवेल घेतो.

ऑपरेशनची गरज नव्हती. सूज फार वाढली, बाहेर येऊन राहिली तर ऑपरेशन, लेझर वगैरे असतं, म्हणाले. याला आत दोन ठिकाणी रबरी बँड बसवले. आठ-दहा दिवसांत तेवढा भाग सुकून बँडसकट गळून पडणार. "आतल्या बाजूला दुखायची नसच नसते, म्हणून फारसं कळत नाही. थोडं जड वाटेल, एखाद दिवस रक्त दिसेल. जास्त गेलं, ताप आला, लघवी अडली तर लगेच या." पुढं इसबगोल, भरपूर पाणी, पालेभाजी, कोमट पाण्याच्या टबात बसायचं. "आणि संडासात मोबाईल नेऊ नका."

"डॉक्टर, एवढं एक सोडून बोला," ज्ञानेश म्हणाला. तेव्हा मला कळलं की गडी परत आला.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "सख्खी भावंडं किती?"

"एक भन. थोरली. वरवंडला दिलीय."

"वय?"

"असंल अडतीस."

"त्यांनीही हे करून घ्यायला पाहिजे. त्रास नसला तरी."

"तिला काय बी न्हाई," ज्ञानेश म्हणाला.

येताना त्याच्या मनात आलं, ताईच्या हातचा चहा घेऊन जाऊ. डॉक्टरांनी चार तास गाडीवर बसू नको म्हटलं होतं, म्हणून दुपारभर माझ्या खोलीवर झोपला आणि मग निघालो. आता सीटवर बसून होता, गाणं म्हणत.

सारिकाताईनं चहा ठेवला. दाजी मळ्यात गेलेले. ती ओट्याला टेकूनच उभी होती, तोंड उतरलेलं.

"बस की गं," ज्ञानेश म्हणाला.

"दिसभर बसूनच हाय. कशाला गेलता शिरूरला?"

"पोटाची तपासणी. चकाचक हाय सगळं." एवढं बोलून तो बायकोचा फोन आला म्हणून अंगणात गेला. भावानं बहिणीशी यापेक्षा जास्त बोलायची रीत नाही आमच्याकडं.

ताईनं आवाज खाली केला. "इनोद, आबांची केलती तसली तपासणी का रं?"

"व्हय ताई. काय निघालं न्हाई."

"बरं झालं बाई." तिनं पदरानं कपाळ टिपलं. कपाची कड बोटानं पुसत राहिली. मग म्हणाली, "तिथं बाई डॉक्टर असती का?"

"कुणाला पायजे, ताई?"

"कुणाला न्हाई. इचारलं आपलं."

आणि कप घेऊन मोरीकडं वळली. तिच्या कपातला चहा तसाच होता.

वरवंडच्या चौकाबाहेर आलो. मग पंपाच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली आणि ज्ञानेशला सांगितलं. ती जे बोलली ते, शब्दाला शब्द.

तो गाडीवरून उतरला. हायवेवरून ट्रक जात होते, त्यांच्याकडं बघत राहिला.

"आबांची धोतरं तीच धुवायची," तो म्हणाला. "त्या साली दिवाळीला म्हून आली, मैनाभर राहिली. रगत आमच्या सगळ्यांच्या आधी तिनं बघितलं आसंल. आबांनी गप ऱ्हा म्हणलं आसंल, ती गप ऱ्हायली." तो माझ्याकडं वळला. "आन् आता सोताची कापडं धुतीया."

"चल माघारी."

"म्या काय इचारू तिला? भाऊ हाय म्या. तोंडातनं शब्द निघायचा न्हाई, इन्या."

"तू नको इचारू. तू नुसता शेजारी बस." मी गाडी वळवली, तोंड वरवंडकडं केलं. "बोलतो मी. आत्ताच. जे स्क्रीनवर बघितलं ते सगळं सांगतो तिला, गुलाबाच्या पाकळीसकट. बाई डॉक्टर मी हुडकतो. शिरूरला न्हाई मिळाली तर पुण्याला. रजा टाकतो, गाडी करतो, आन् दारापतुर मी येतो तिच्यासंगं. शब्द हाय माझा. बस मागं."