जुन्या गावातलं नवं बांधकाम

उन्हाळ्यात गोसीखुर्द धरणाचं पाणी उतरलं की आमचं जुनं गाव वर येतं. सगळं नाही, उंचावरचा भाग तेवढा. देवळाचा चौथरा, विहिरीचं तोंड, दोन-चार घरांचे ओटे. मग पुनर्वसन वसाहतीतली आम्हा मासेमार ढिवरांची कुटुंबं भांडीकुंडी आणि जाळी घेऊन तिथं दोन दिवस मुक्कामाला जातात. शहरातले लोक याला कॅम्पिंग म्हणतात म्हणे. आमच्याकडे तंबू म्हणजे ताडपत्री, आणि मुक्कामाचे मुकादम म्हणजे माझे सासरे, तुलाराम मामाजी.

मी लग्न होऊन आले ती नव्या वसाहतीतच. त्यामुळे जुन्या गावाचं मला कौतुक आहे, भक्ती नाही. मामाजींना भक्ती आहे. त्यांचा नियम एकच: जुन्या गावी जायचं तर जुन्यासारखं राहायचं. चूल, चटई, मडकं, बस्स. निघायच्या सकाळी ते गाडीपाशी नाक्यावरच्या शिपायासारखे उभे राहतात आणि मी चढवलेलं सामान एकेक करून उतरवतात.

यंदाही तेच चाललं होतं.

"हे काय होय वो, ममता?"

"चार्जिंगचा पंखा, मामाजी."

"अन् हे?"

"गॅसची लहान शेगडी."

"गावात गॅस होता का? पंखा होता का? हवा नोती का तिथं? उतरव."

"गावात तुमचा मोबाईलबी नोता," मी म्हटलं. "अन् आता आपण काय बैलबंडीनं जाऊन राहिलो का?"

माझा नवरा हेमराज गालातल्या गालात हसला आणि दोरी बांधायच्या निमित्ताने गाडीमागे गेला. बापाशी वाद निघाला की याला नेहमी एखादी दोरी सापडते.

मामाजींचा पारा त्या दिवशी जरा जास्तच चढलेला होता, आणि त्याला कारण होतं. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई मुक्कामाला आल्या नव्हत्या, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातही नाही. बकऱ्या कोण पाहील, असं म्हणाल्या होत्या. यंदा पाणी कधी नव्हे इतकं उतरलं आणि आमच्या स्वतःच्या घराचा ओटा उघडा पडला. मामाजी डोंग्यातून, आमच्या लहान होडीतून, जाऊन तो पाहून आले, तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. त्या ओट्यावर बायकोला शेजारी बसवून रोहूचा रस्सा-भात खायचा, एवढीच त्यांची इच्छा. बकऱ्या त्यांनी आदल्या दिवशीच आळीतल्या बाबुलालच्या गोठ्यात नेऊन बांधल्या होत्या. आणि आता गाडी भरत आली तरी सासूबाई दारातच बसून होत्या.

"मी नाई येत," त्या म्हणाल्या.

"काहून? बकऱ्या तं गेल्या बाबुलालच्या घरी."

"तरी नाई."

मामाजींना वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की ते रागावतात. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कूलरची हवा लागली तुले, गुणाबाई. गाव विसरली तू. जिथं नांदली, जिथं लेकरू झालं, त्या मातीवर दोन दिवस राहवत नाई."

मला असा संताप आला की शेगडी हातातच राहिली. पण सासूबाई स्वतःच उठल्या, भिंतीला धरून, कारण त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत. आवाज त्यांनी चढवला नाही.

"गाव मी नाई विसरली. तुमच्यापेक्षा जास्त ध्यानात हाय. तुमच्या ध्यानात पार हाय, देऊळ हाय. माझ्या ध्यानात पहाटेचा अंधार हाय. रोज लोटा घेऊन गावाबाहेर जात होती मी. पावसात, चिखलात, सापकिरड्यात. हेमराज पोटात होता तवाबी. कोनाची बंडी आली का उठून उभी राहत होती. तवा झाडंझुडपं तरी होती. आता पान्याखालून निघालेलं सपाट मैदान हाय. तुमी माणसं कुठंबी जाता. मी कुठं जाऊ? अन् गेली तं बसू कशी?"

हेमराजला दोरीही सापडेना.

त्या म्हणाल्या ते खरं होतं. मुक्कामाला आम्ही तरण्या बाया डोंग्यात बसून पलीकडच्या झुडपांत जातो. सासूबाईंना डोंग्यात चढणंही जमत नाही. घरी संडासात त्यांच्यासाठी कमोडची खुर्ची ठेवली आहे, गुडघ्यांच्या डॉक्टरने सांगितलेली.

मामाजी आत गेले. रुसले, असं मला वाटलं. थोड्या वेळाने बाहेर आले ते डोक्यावर तीच खुर्ची घेऊन. आळीतली माणसं बघत होती, त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. खुर्ची गाडीत सगळ्यात वर बांधली, मग फावडं आणलं, मग कुंपणाचे बांबूचे तट्टे उपटून चढवले.

"बस," ते सासूबाईंना म्हणाले. "समोर बस, ड्रायव्हरजवळ."

संधी साधून मी शेगडी आत सरकवली. त्यांनी ती पुन्हा खाली ठेवली.

"खुर्ची चालते अन् शेगडी नाई?"

"रोहू चुलीवरच," उत्तर सासूबाईंनी दिलं. "गॅसवर पान्यासारखा लागते."

नवरा-बायकोचं एकमत झालं की सुनेनं जास्त बोलू नये. मी पंखा लुगड्यांच्या पिशवीत दडवला आणि गाडीत चढले.

तिथं पोचल्यावर मामाजींनी ना देवळाला हात जोडले, ना विहिरीत डोकावले. आमच्या ओट्यामागे, पाण्यापासून चांगलं लांब, त्यांनी खड्डा खणायला घेतला. ऊन मरणाचं होतं. हेमराजने फावडं मागितलं, ते त्यांनी दिलं नाही. चारही बाजूंनी तट्टे उभे राहिले, वर ताडपत्री, दाराला माझी चादर. आत खुर्ची, पाण्याची बादली आणि वरून टाकायला मातीचा ढीग.

"तुलारामभाऊ, घर बांधून राहिले का?" शेजारच्या मंदाबाईंनी चिडवलं. त्याही गुडघ्यांनी त्रासलेल्या.

"हो," मामाजी घाम पुसत म्हणाले. "थोडं बांधायचं राहून गेलं होतं."

मंदाबाई आत डोकावून आल्या आणि सासूबाईंच्या कानाशी लागल्या, "मीबी जाऊ का वो, गुणा?"

दुपारपर्यंत मुक्कामातल्या साऱ्या म्हाताऱ्यांना आमच्या ओट्याची वाट पाठ झाली. सासूबाई ओट्यावर बसून प्रत्येकीला माती टाकली का, पाणी ओतलं का, असं विचारत होत्या, सरपंचाच्या तोऱ्यात. एकीला तर त्यांनी माती टाकायला परत पाठवलं.

ऊन कललं तेव्हा चुलीवरचा रस्सा तयार झाला. मामाजी ताट घेऊन सासूबाईंच्या शेजारी ओट्यावर बसले, दोघं पाय खाली सोडून.

"आता सांग. गावात आल्यासारखं वाटते का नाई?"

सासूबाईंनी आधी तोंडातला घास संपवला.

"गाव सुटलं त्या दिवशी सारे रडत होते," त्या म्हणाल्या. "तुमी तं विहिरीले धरून रडले. मी नाई रडली. नव्या घरी संडास हाय, मले मालूम होतं. ट्रकात बसून मी फक्त वाट पाहत होती, कवा पोचतो म्हणून." मग तट्ट्यांकडे मान वळवून म्हणाल्या, "हे तवा बांधलं असतं, तं मीबी रडली असती."

मामाजींनी आपल्या ताटातलं रोहूचं डोकं उचलून सासूबाईंच्या ताटात ठेवलं. आमच्या घरात ते कधीच दुसऱ्या कोणाच्या ताटात गेलेलं नाही.

सासूबाईंनी ते सावकाश, चोखून खाल्लं. हात धुतला. मग ओट्यामागच्या मोकळ्या जमिनीकडे वळून पाहिलं. "इथं माझी चूल होती," त्या म्हणाल्या. "अन् तिथं हेमराजचा पाळणा." आणि इतक्या वर्षांनी, पदर डोळ्यांना लावून, त्या रडायला लागल्या.

मी उठणार होते, पण मामाजींनी हातानेच मला थांबवलं. ते थोडे सासूबाईंकडे सरकले.

"रड," ते म्हणाले. "घाई नाई."