माझ्या कानावरचं कुंकू

मी डबा बोलतोय. मुरुमच्या अलीकडच्या एका वस्तीवर, गंगम्माच्या विहिरीशेजारी कडुलिंबाला टांगलेला हिरवा डबा. वटवाघळं उडताना जो आवाज करतात तो तुमच्या कानांना ऐकू येत नाही, मला येतो. माझा जन्म त्यासाठीच. आधीच सांगून ठेवतो, या प्रकरणात मी कुणावरही विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका.

कुठल्या कारखान्यात माझे भाग जोडले, ते मला ठाऊक नाही. उमरग्याला कॉलेजात शिकवणाऱ्या राजेश्वरीबाईंनी खोक्यातून बाहेर काढलं, तिथून पुढचं आठवतं. त्यांनी मला झाडाला बांधलं आणि गंगम्माला समजावलं, "अव्वा, वटवाघळांच्या प्रत्येक जातीचा आवाज निराळा असतो. हा ऐकतो, मी संगणकावर बघते."

बाईंना एका जातीचा माग काढायचा होता. ती आजवर कर्नाटकाच्या बाजूलाच नोंदलेली. पण दरसाल थोडी थोडी वर सरकत ती गंगम्माच्या दगडी विहिरीत येऊन राहिली आणि पाऊस सरला की तिचे थवे या कडुलिंबावरूनच पुढं जातात, असा बाईंचा अंदाज होता. नेमकी त्याच विहिरीशेजारी एका कंपनीची पवनचक्की ठरलेली. फिरत्या पात्यांजवळ गेलेलं वटवाघूळ परत येत नाही. ग्रामसभेत चक्कीचा ठराव येण्याआधी ही वाट सिद्ध झाली, तर चक्कीची जागा बदलणं भाग होतं. नाही झाली, तर संपलं.

वस्तीला बाईंच्या अंदाजाशी देणंघेणं नव्हतं. वस्तीला माझाच संशय.

"रातच्याला ड्रोन उडवून घरं हेरणाऱ्या चोरांचा डबा असंल."

"न्हाय वो, जमीन मोजायलाय गुपचूप."

गंगम्मानं सगळ्यांना गप्प केलं. "माझ्या झाडाला हाय, म्हंजे माझा पाव्हणा हाय. कुणी हात लावून तर बघा!"

मग शंभुलिंग आला. कंपनीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. असली साखर मी लगेच ओळखतो. त्यानं बाईंना अगदी शाळकरी पोरासारखं विचारलं, "मॅडम, याचा कान कुठला हो?" बाईंनी मधलं बारीक भोक दाखवलं. शिकवणाऱ्या माणसाला विचारणारा भेटला की तो हुरळतो, दुसरं काय!

मग तो गंगम्माकडं वळला, "अव्वा, सगळंच ऐकू येतं का हो याला?"

"तुजंबी ऐकत असंल. जपून बोल," गंगम्मा म्हणाली.

पावसाळाभर मी ऐकलं. जुन्या जाती ऐकल्या, बाईंची नवी जातही ऐकली. आता तिचे थवे पुढं जाताना टिपायचे, एवढंच राहिलं होतं. आणि खंडेनवमी आली.

गंगम्मानं विळा, कुऱ्हाड, मोटारीचा स्टार्टर, सगळं धुऊन पुसून मांडलं. विभूती लावली, फुलं वाहिली. मग तिला मी आठवलो. "ह्येबी हत्यारच की बाईंचं," म्हणत ती स्टुलावर चढली. विभूतीची तीन बोटं ओढली आणि बरोबर मधोमध, कपाळ समजून, ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला.

ते कपाळ नव्हतं. तो माझा कान होता.

कुंकू वाळलं आणि माझं जग बंद झालं. मोठ्यानं बोललेलं तेवढं घुमत आत यायचं. वटवाघळांचा आवाज फार नाजूक, तो बाहेरच अडला.

दसरा झाल्यावर शंभुलिंग पुन्हा आला. मोबाइल अगदी जवळ आणून फोटो काढला. बोट कुंकवापर्यंत नेलं, मागं घेतलं आणि गाडीला किक मारून निघून गेला. पाठोपाठ परतीचा पाऊस झाला. वरचं कुंकू धुऊन गेलं, आतलं घट्ट बसलं. बाई आल्या तेव्हा त्यांना मी नेहमीसारखाच दिसलो. त्यांनी नोंदी बघितल्या. खंडेनवमीनंतर शुकशुकाट; पावसामुळं असेल, असं त्यांना वाटलं. प्रामाणिक बाई, पुढं जाणारा थवा टिपला नाही, असं त्यांनी ग्रामपंचायतीला लिहून दिलं.

दिवाळीनंतर शाळेत ग्रामसभा भरली. मला टेबलावर ठेवलं होतं. सरपंच दैवशालाताई बसल्या होत्या. शंभुलिंग भिंतीवर चित्रं दाखवत होता.

"डबा मॅडमचा, नोंद मॅडमची. वटवाघळं इथून पुढं जातच न्हाईत. वाटच न्हाय, तर चक्की अडवायची कशाला? आन् डबा ठणठणीत होता, ह्यो बघा दसऱ्यानंतरचा फोटो."

भिंतीवर मी एवढा मोठा दिसलो. मागून गंगम्मा कौतुकानं ओरडली, "अगं बया, माजं कुक्कू! किती झ्याक आलंय फोटूत!"

सगळे हसले. राजेश्वरीबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, केसांतली पिन काढली आणि माझ्या कानात फिरवली. टेबलावर लाल भुकटी पडली.

शंभुलिंग लगेच म्हणाला, "मला काय म्हाईत, कान कुठला आन् कपाळ कुठलं?"

"मी दाखवला होता तुम्हाला. तुम्हीच विचारलं होतं."

त्यानं भिंतीवरचा फोटो बंद केला. मग म्हणाला, "तर मग समदी नोंद रद्द करा."

"करू की," दैवशालाताई म्हणाल्या. "चक्कीचा ठरावबी तिच्यासंगंच रद्द. पुढच्या दिवाळीपतूर डबा ऐकंल, मग बघू."

बाहेर पडताना गंगम्मानं मला पदरानं पुसलं. "बाई, म्या पूजा केली वो. म्या ह्याला बहिरं केलं व्हय?" बाईंनी तिचा हात धरला.

आता मी पुन्हा झाडावर आहे. गंगम्मा विभूती झाडाच्या बुंध्याला लावते, मला नाही. विहिरीशेजारी एक खड्डा मात्र खणला गेलाय. कंपनी म्हणते, माती तपासायला. माती तपासायला एवढा खोल? शंभुलिंग अजूनही येतो, अजूनही 'अव्वा' म्हणतो. माझ्याकडं बघत नाही.

गंगम्मानं अजाणता केलं. त्यानं जाणून उमजून गप्प राहून केलं. माझ्या बहिरेपणाला 'इथं काहीच नाही' असं नाव देऊन त्यानं सभेत मांडलं. पुढच्या दिवाळीनंतरही कुणीतरी इस्त्रीच्या शर्टात उभं राहील आणि सांगेल, इथं काहीच ऐकू आलं नाही. तेव्हा ठरावाला हात वर करण्याआधी, बाबांनो, एवढं करा. स्टूल आणा, वर चढा आणि माझ्या कानात बघा.