तालमीच्या मातीतलं ताक

"आजपासून पै न् पैवर जनतेची नजर!" खर्च तपासणाऱ्या नागरिक समितीच्या अध्यक्षा संयोगिताताई गरजल्या. पण चष्मा घरीच राहिलेला, म्हणून बिल त्यांनी फक्रुद्दीन वस्तादांना वाचायला दिलं. ठेकेदारानं नव्या तालमीच्या लाल मातीत तेल, हळद आणि दोनशे लिटर ताक घातलं होतं म्हणे. ताईंची सही झाली की बिल मंजूर.

ऐंशीचे वस्ताद कुस्तीच्या हौद्यात उतरले, मांडी घातली, चिमूटभर माती हुंगली.

"तेल हाय. हळद हाय. ताक न्हाई."

ठेकेदार पांढराफटक पडला. "चुकलं वस्ताद! उद्याच ओततो की!"

ताईंचे हात आपोआप जोडले गेले. साठ वर्षं मातीत मुरलेलं नाक ते! अख्खी तालीम वस्तादांभोवती गोळा झाली.

वस्ताद हळूच म्हणाले, "ताई, आता मला वर काढा की. गुडघा धरलाय."