सहा सप्टेंबरचा चौकोन

श्रीरंग खानझोडे वीज खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या बायकोने, शकुताईंनी, त्यांना एकच गोष्ट बजावली होती. आता कोणाच्या भांडणात पडायचं नाही. हे पाळणं त्यांना मुळीच जड नव्हतं, कारण भांडणाचा त्यांना लहानपणापासून धाक होता. पण त्याच वर्षी जबलपूरच्या मराठी स्नेह मंडळाने कॅलेंडर काढायचं काम त्यांच्या गळ्यात टाकलं. बारा पानं, पानावर चौकोन, चौकोनात तिथी, सणवार आणि मंडळाच्या थोरामोठ्यांचे दिवस. यात भांडण्यासारखं काय असणार, असं श्रीरंगरावांना वाटलं होतं.

२०१८ च्या नोव्हेंबरात पुढच्या सालच्या कॅलेंडरची सभा भरली. या सभेला गर्दी व्हायची, कारण चहासोबत गरम आलूबोंडे असत. ते वाटून होत आले होते, एवढ्यात विनताबाई डबीर उठून उभ्या राहिल्या.

विनताबाई म्हणजे शाळेतल्या खेळाच्या बाई. निवृत्त झाल्या, तरी बोलताना शिट्टी वाजवल्यासारखं वाटायचं. त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर इंदिराबाई वऱ्हाडपांडे बसल्या होत्या, त्याच शाळेतल्या संस्कृतच्या बाई. अधारतालला दोघींचं मिळून एक घर होतं, तिथे त्या तरुणपणापासून एकत्र राहत. विनताबाई स्कूटी चालवायच्या आणि मागे इंदिराबाई पिशवी नि छत्री सांभाळत बसायच्या. लग्नाची पत्रिका दोघींना मिळून एकच जायची, आणि त्यावर ‘सहकुटुंब’ लिहावं की नाही, इथे पत्रिका लिहिणाऱ्याचा पेन अडायचा. त्यापलीकडे कोणी विचार करत नसे.

“सहा सप्टेंबरच्या चौकोनात एक ओळ पाहिजे,” विनताबाई म्हणाल्या. “यंदा त्या दिवशी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की समलैंगिक माणसांचं प्रेम हा गुन्हा नाही. कितीक लोक त्याच्यासाठी वर्षानुवर्षं लढले. तो दिवस आपल्या कॅलेंडरात टाका. आणि बाजूला त्यांचं निशाण. सहा रंगांचे पट्टे.”

हॉलमध्ये चावण्याचा आवाज बंद झाला.

अध्यक्ष बापूसाहेब सरवटे यांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले होते, आणि बापूसाहेब अजून त्या चाकरीवरच असल्यासारखे ताठ बसत. “विनताताई, हे कॅलेंडर आहे. अखबार नाही.”

“कॅलेंडर आहे म्हणूनच तर म्हणून राहिली. तुमच्या आजोबांनी मंडळाला सतरंजी दिली, तो दिवस नाही का छापत आपण? चौदा फेब्रुवारीला?”

“ती सतरंजी ऐतिहासिक आहे!”

“हेही ऐतिहासिक आहे जी. सतरंजीवर मावतात त्याच्याहून जास्त लोक मावतात याच्यात.”

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. बापूसाहेबांनी श्रीरंगरावांकडे पाहिलं. “पुढच्या साली सहा सप्टेंबरला काय आहे, जरा पाहा बरं.”

श्रीरंगरावांनी पंचांग उघडलं आणि तारखांवरून बोट फिरवलं. “गौरी पूजन,” ते हळूच म्हणाले. “म्हणजे... महालक्ष्म्या.”

झालं. चहूकडून आवाज उठले. महालक्ष्म्यांच्या दिवशी हे? कोणी म्हणालं, आपल्या मुलांना आधीच मराठी वाचता येत नाही, आता ही ओळ वाचायला शिकवायची का? कोणी म्हणालं, कोर्टानं सांगितलं न बाप्पा, मग आपण कोण? श्रीरंगराव पंचांगात तोंड घालून बसले.

तेवढ्यात इंदिराबाई उठल्या. त्या सभेत कधी बोलत नसत, म्हणून सगळे आपोआप गप्प झाले.

“माझाही या प्रस्तावाला विरोध आहे,” त्या म्हणाल्या.

बापूसाहेबांचा चेहरा खुलला. “ऐका! इंदिराबाईंसारख्या विदुषी...”

“थांबा, बापूसाहेब. तुमचं आणि माझं कारण एक नाही. तुम्हाला ती गोष्ट चुकीची वाटते. मला ती माझी वाटते. माझी गोष्ट लोकांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली मला नको.”

विनताबाईंनी गर्रकन मान वळवली.

“हेच! जन्मभर हेच ऐकून राहिली मी! ‘विनता, हळू बोल. विनता, खिडकी लाव.’ अगं, आता तर कोर्टानंही खिडकी उघडली!”

“कोर्टाला धुळीची ॲलर्जी नसेल.”

“काहून भितेस तू इतकी?”

“मी भीत नाही. मला आवडत नाही. दोन्हींत फरक आहे, आणि तो तुला एवढ्या वर्षांत कळलेला नाही.”

दोघींचं भांडण पुढे पिशवीवर, छत्रीवर आणि कोणा एका भाचीच्या लग्नात कोण कोणाच्या शेजारी बसलं नव्हतं, त्यावर गेलं. हॉलमधले बाकीचे लोक ते ऐकत राहिले. श्रीरंगरावांनी सहज पलीकडच्या रांगेत बसलेल्या शकुताईंकडे पाहिलं. त्यांचं दोघांचं भांडणही अगदी याच वळणाने जायचं. मंडळातल्या प्रत्येक नवरा-बायकोला त्या क्षणी बहुधा तसंच काहीसं वाटलं असावं, कारण कोणीच कोणाच्या डोळ्याला डोळा देईना.

भांडण थांबावं एवढ्याच एका इच्छेने श्रीरंगरावांनी आयुष्यातली पहिली तडजोड सुचवली. “निशाण छापू. ओळ नको. खाली चिन्हांचा खुलासा असतो, त्यातही काही लिहायचं नाही.”

विनताबाई म्हणाल्या, चलो, यंदा तेवढं तर तेवढं. इंदिराबाईंना वाटलं, कोणाला काही समजणार नाही, मग चालेल. बापूसाहेबांना वाटलं, तिळाएवढं चिन्ह, कोण पाहणार? सभा संपली आणि श्रीरंगराव खूश होऊन घरी गेले.

छपाई रिछाईच्या एका प्रेसमध्ये होती. प्रेसवाल्या शुक्लाजींना मराठी येत नव्हतं, पण रंगांची हौस फार. सप्टेंबरचं पान त्यांना फिकं वाटलं. त्यांनी तिळाएवढं निशाण चांगलं अंगठ्याएवढं केलं आणि महालक्ष्म्यांच्या चित्राला अगदी टेकवून छापलं. “देखिए भाईसाहब, कैसा खिल गया पेज!” त्यांनी अभिमानाने सांगितलं. तोवर सगळी कॅलेंडरं छापून झाली होती.

ऑगस्टपर्यंत काही झालं नाही. सभेतला वाद बहुतेकजण आलूबोंड्यांबरोबरच विसरून गेले होते. मग बायकांनी पुढचं पान उलटून पाहायला सुरुवात केली आणि श्रीरंगरावांचा फोन वाजू लागला.

“भाऊजी, महालक्ष्म्यांजवळ हे पट्टे कशाचे?”

“त्या दिवशी वेगळा उपास आहे का जी?”

“साबुदाणा चालते का?”

श्रीरंगराव प्रत्येकाला “पाहून सांगतो” म्हणत. पण एका दुपारी खुद्द बापूसाहेबांच्या पत्नीचा, नर्मदाबाईंचा, फोन आला. नर्मदाबाई गुडघ्यांमुळे सभांना येत नसत, आणि तिथे झालेलं बापूसाहेब घरी सांगत नसत.

“श्रीरंगराव, मी आरास मांडायला घेतली. हे सहा रंग काय आहेत, नीट सांगा.”

श्रीरंगरावांच्या जिभेवर खरं उत्तर आलं आणि मागे फिरलं. “सजावटीचं असावं, वहिनी.”

“अच्छा. म्हणजे पट्ट्यांची कमान करायची?”

“करा न.”

“जांभळा चालतो देवीला?”

“चालतो.”

शकुताई बाजूला भाजी निवडत होत्या. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही काहून असं सांगितलं?”

“कमान केल्यानं कोणाचं काय बिघडते?”

“नर्मदाबाई महिलांच्या ग्रुपवर टाकतील न आता.”

नर्मदाबाईंनी तोवर टाकलंही होतं. गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी बाजारात जांभळी सॅटिन मिळेनाशी झाली. दुकानदार विचारू लागले, मराठी लोगों में इस बार क्या है?

सहा सप्टेंबरला संध्याकाळी विजय नगरला बापूसाहेबांच्या घरी हळदीकुंकू आणि जेवण होतं. बापूसाहेब मुलाकडे इंदूरला गेले होते, ते त्याच दिवशी सकाळी परतले. आंघोळ करून थेट पूजेला बसले. सप्टेंबरचं पान त्यांनी पाहिलंच नव्हतं, त्यांच्या लेखी ते निशाण अजून तिळाएवढंच होतं. महालक्ष्म्या दागिने घालून उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी, जांभळी अशी झोकदार कमान. येणारा प्रत्येकजण वाहवा करत होता. बापूसाहेब प्रत्येकाला सांगत होते, “नर्मदेची आयडिया.”

श्रीरंगराव कोपऱ्यात पुरणपोळी आणि आंबील घेऊन बसले होते. दारात स्कूटीचा आवाज आला आणि त्यांनी पोळीचा घास परत ताटात ठेवला.

इंदिराबाई आधी आत आल्या आणि उंबऱ्याजवळच थबकल्या. विनताबाई त्यांच्या पाठीवर आदळल्या, आणि मग त्यांनीही वर पाहिलं.

“अगंबाई! बापूसाहेब, तुमच्या घरी?”

“आवडलं ना?” बापूसाहेब प्रसन्न होऊन म्हणाले. “यंदा म्हणे सगळ्यांकडे हेच आहे.”

इंदिराबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलू लागले, आणि शेवटी त्यांना खुर्चीवर बसावं लागलं, इतकं हसू आलं. “झालं, विनता, तुझ्या मनासारखं. घराघरात.”

“कुठं झालं? अर्थ कोणाला माहीत आहे याचा?”

“म्हणून तर मला आवडलं.”

“तुला झाकलेलंच आवडते!”

“आणि तुला लाउडस्पीकर.”

नर्मदाबाई हातात हळदीकुंकवाचं तबक घेऊन मधोमध उभ्या होत्या. “कशाचा अर्थ? श्रीरंगराव, तुम्ही तर सजावट म्हणाले होते.”

सगळ्यांच्या नजरा कोपऱ्याकडे वळल्या. श्रीरंगरावांना आंबिलीच्या वाटीत बुडून जावंसं वाटलं. त्यांनी समोर बसलेल्या शकुताईंकडे पाहिलं. त्या मदतीला येणार नाहीत, हे त्यांच्या हाताच्या घडीवरूनच दिसत होतं. मग ते उठले, ओठांना लागलेलं तूप पुसलं आणि सगळं सांगून टाकलं. निशाण कोणाचं, निकाल कसला, तो आजच्याच तारखेला मागच्या वर्षी कसा लागला, आणि सभेत काय ठरलं. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की आपला आवाज कापत नाहीये.

बापूसाहेबांचा चेहरा कमानीतले तीन-चार रंग फिरून आला. “काढा! आत्ताच्या आत्ता काढा!” ते ओरडले, आणि कोणी हलेना तेव्हा स्वतःच स्टूल ओढून वर चढले.

“खाली उतरा,” नर्मदाबाई म्हणाल्या.

“माझ्या घरात हे...”

“आज हे तुमचं घर नाही. महालक्ष्म्यांचं माहेर आहे. उभ्या महालक्ष्म्यांच्या डोक्यावरची आरास कोणी ओढते का? उद्या त्यांची बोळवण होऊ द्या, मग काय ते पाहा.”

बापूसाहेबांनी कमानीकडे नेलेला हात मागे घेतला. ते तसेच स्टुलावर उभे राहिले. नर्मदाबाई इंदिराबाईंच्या खुर्चीजवळ गेल्या.

“म्हणजे हे तुमच्या दोघींचंही?”

इंदिराबाईंचं हसू ओसरलं होतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “हो,” त्या म्हणाल्या. “आमचंही.”

“आणि तुम्हाला ते छापायला नको होतं?”

“मला ते घरात हवं होतं, नर्मदाबाई. बाहेर नको होतं.”

“पण कॅलेंडर घरातच तर असते.”

इंदिराबाईंनी मान वर करून पुन्हा एकदा कमानीकडे पाहिलं. नर्मदाबाईंनी एकीला कुंकू लावलं, मग दुसरीला लावलं, आणि म्हणाल्या, “जेवायला बसा आता. कढी थंड होऊन राहिली.”

“श्रीरंगराव,” वरून बारीक आवाज आला. “जरा हात द्या. गुडघा आखडला.”

पुढच्या कॅलेंडरच्या सभेला आलूबोंडे कमी पडले, इतके लोक आले. या वेळी ओळ छापायची की नाही, यावर हात वर करून मतं घेतली. बापूसाहेबांनी अपेक्षेप्रमाणे विरोध केला, आणि त्यांच्याबरोबर आणखी काही हात वर गेले. त्यांत एक इंदिराबाईंचा होता. तरीही प्रस्ताव पास झाला. विनताबाईंनी लिहून आणलेला कागद श्रीरंगरावांच्या हातात दिला, इंदिराबाईंकडे न पाहता बाहेर गेल्या, आणि स्कूटीचा हॉर्न वाजवू लागल्या.

हॉल रिकामा होऊ लागला. इंदिराबाई छत्री घेऊन दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि परत आल्या.

“दाखवा तो कागद.”

त्यांनी चष्मा लावला, पर्समधून लाल पेन काढला, आणि श्रीरंगराव बघत राहिले. एक ‘असे’ खोडलं गेलं. एका ‘न्यायलया’ला काना मिळाला. एक हिंदी शब्द मराठीत आला.

“पण बाई, तुम्ही तर विरोधात हात वर केला होता,” श्रीरंगरावांना राहवेना.

“आहेच माझा विरोध. म्हणून काय अशुद्ध छापू देऊ?”

मग वर्गात दिलेलं शुद्धलेखन तपासून झाल्यावर वाचतात तसं, एकेक शब्द सुटा करून, त्यांनी ते वाचायला सुरुवात केली. “सन दोन हजार अठरा. समलिंगी प्रेम हा गुन्हा नाही...” पहिल्या शब्दांना आवाज हळू होता. पुढे तो चढत गेला, आणि सतरंजी गुंडाळणारे लोक हात थांबवून ऐकू लागले. बाहेरचा हॉर्न बंद झाला. इंदिराबाई पूर्णविरामापर्यंत पोचल्या, तो पेनाने जरा ठळक केला, आणि कागद श्रीरंगरावांना परत दिला.

“आता द्या छापायला,” त्या म्हणाल्या, आणि छत्री काखेत मारून बाहेर पडल्या.